गाडी जॅकवर अन् जीव टांगणीला

मैत्रिणींनो, रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आणा. पोह्यांची बशी बाजूला सारून 'हे' जुनी लुंगी नेसून अंगणात उतरतात. मागोमाग चिरंजीव पाना अन् पत्र्याचा डबा घेऊन. अर्ध्या तासाने तुम्ही चहा घेऊन बाहेर येता तर काय, गाडी एका बाजूने वर उचललेली आणि तिच्याखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले! तुमच्या काळजात चर्र होतं. तुम्ही विचारता, "अहो, ही पडणार तर नाही ना?" खालून आवाज येतो, "काही होत नाही गं, जॅक आहे की!"

हा लेख या 'जॅक आहे की'साठीच आहे. कारण हे वाक्य खोटं आहे. बोलणारा मुद्दाम खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं, आणि धोका तिथेच असतो. जॅक हे गाडी वर उचलायचं साधन आहे. उचललेली गाडी धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. विहिरीतून घागर वर काढायला रहाट लागतो, पण काढलेली घागर आपण रहाटावर लटकत ठेवून घरात जातो का? ती काठावर टेकवतो. गाडीचंही तसंच आहे. तिला टेकू हवा. जॅक वेगळा, टेकू वेगळा.

तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचं काम, आम्हाला कशाला सांगता? तर सांगते. एक म्हणजे हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. शाळेत नोकरी, बँकेत नोकरी, अंबाजोगाईहून परळीला रोजचं जाणं-येणं. टायर बसला तर रस्त्यावर आपणच असतो. दुसरं म्हणजे गाडीखाली शिरणारा माणूस आपल्याच घरचा असतो, आणि त्या वेळी घरात उभी असलेली दुसरी व्यक्ती बहुधा आपणच. काय बघायचं ते ठाऊक असलं तर 'आधी टेकू लावा, मग चहा मिळेल' असं ठणकावून सांगता येतं. नुसती भीती वाटून उपयोग नाही, 'तू उगीच घाबरतेस' एवढंच ऐकावं लागतं.

आपल्या बीड जिल्ह्यात तर गाडीशिवाय पान हलत नाही. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण बीड शहराला आगगाडी बघायला २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर लग्न, दवाखाना, बदली, बाजार, सगळा भार रस्त्यावर. पूर्वी गावात गाडी म्हणजे डॉक्टरांची फियाट नाहीतर वकीलसाहेबांची अँबॅसडर. १९८३ च्या अखेरीस मारुती आठशे आली आणि हळूहळू मास्तरांच्या, दुकानदारांच्या दारातही गाडी उभी राहू लागली. एमएच २३ नाहीतर एमएच ४४ ची पाटी लावलेली एखादी जुनी-पुरानी गाडी आता गल्लोगल्ली दिसते. जुनी गाडी म्हटलं की घरच्या घरी खटपट आलीच.

आता मुद्द्यावर येऊ. साधी गाडी उचलणं एकवेळ सोपं, पण जमिनीला लागून चालणारी, ठेंगणी गाडी उचलणं फार अवघड. जॅकच मुळात खाली जात नाही, मग माणूस नाही नाही त्या युक्त्या करतो आणि अपघात तिथेच होतात. "आमची गाडी काही ठेंगणी नाही" असं म्हणू नका. गाडी ठेंगणी होण्याची कारणं घरोघरी आहेत. पहिलं कारण चिरंजीवांची हौस. गाडी 'खाली बसलेली' दिसली की रुबाबदार दिसते म्हणे! गॅरेजमध्ये जाऊन स्प्रिंगांचे एक-दोन वेढे कापून आणतात. दुसरं कारण डिक्कीतला सीएनजीचा सिलिंडर. लोखंडी सिलिंडर भरलेला असला की डिक्कीत कायमचा एक मोठा माणूस बसवल्यासारखंच, गाडी मागून दबते. तिसरं कारण वय. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीच्या स्प्रिंगा आपल्या गुडघ्यांसारख्याच थकतात. आणि चौथं म्हणजे पंक्चर. टायरमधली हवा गेली की उंचातली उंच गाडीही त्या कोपऱ्यात चार बोटं खाली येते, आणि जॅक लावायचा असतो नेमका त्याच कोपऱ्यात.

हौसेच्या बाबतीत एक गोष्ट मुलांच्या कानावर घालून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, त्यातलं कलम ५२, असं सांगतं की गाडी कंपनीने जशी बनवली आणि नोंदणीच्या कागदावर जशी लिहिली, त्यापेक्षा वेगळी करायची नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. तेव्हा स्प्रिंगा कापणं ही नुसती फॅशन नाही. आमचं स्पष्ट मत विचाराल तर पाटोदा-आष्टीकडच्या गतिरोधकांवरून जी गाडी पोट घासत जाते, तिच्यात रुबाब कसला? पण झालेल्या गोष्टीला इलाज काय. गाडी दारात उभी आहे, तिचं चाक तर काढायचंच आहे.

जॅक कोणता?

घरात तीन तऱ्हेचे जॅक दिसतात. गाडीसोबत डिक्कीत येतो तो कात्रीसारखा दुमडणारा, आट्यांचा जॅक. हँडल फिरवलं की उघडत जातो. आट्यांमुळे तो आपोआप खाली येत नाही हा त्याचा गुण. पण पाय चिंचोळा, त्यामुळे गाडी जरा हलली की आडवा होतो. तो फक्त रस्त्यावर चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्यावर गाडी ठेवून खाली शिरणं म्हणजे तीन पायांच्या स्टुलावर चढून माळ्यावरची परात काढण्यासारखं आहे. दुसरा बाटली जॅक. बाटलीसारखा उभा, ट्रकवाल्यांचा आवडता. ठेंगण्या गाडीखाली तो मुळी मावतच नाही, तेव्हा त्याचा विचार सोडा.

तिसरा ट्रॉली जॅक, खाली लोखंडी चाकं असलेला. घरकामाला हाच बरा. मात्र विकत घेताना एक गोष्ट बघायची. दुकानदार 'दोन टनाचा आहे, तीन टनाचा आहे' असं वजन सांगतो. तुम्ही विचारा, "पूर्ण खाली केला की उंची किती?" साधा ट्रॉली जॅक खाली केल्यावरही साधारण १३० ते १४० मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच-साडेपाच इंच उंच असतो. ठेंगण्या गाडीची कड कधी कधी चारच इंचांवर असते. अशा गाड्यांसाठी बुटका ट्रॉली जॅक मिळतो, तो खाली केला की ७५ ते ८० मिलिमीटरवर येतो. थोडा महाग पडतो, पण गाडी खाली बसवायला पैसे होते ना? मग यालाही काढायचे.

ट्रॉली जॅक चालतो तो तेलाच्या दाबावर. आत रबराची सील असते. कुकरची रिंग जुनी झाली की वाफ कशी कडेने सुटते आणि शिट्टी होत नाही, अगदी तसंच इथे होतं. सील झिजली की तेल बाजूने सरकतं आणि गाडी हळूहळू, कुणाला कळायच्या आत खाली येते. कधी कधी हळूहळूही नाही, एकदम. आपला जॅक कसा आहे हे बघायची सोपी रीत आहे. गाडीखाली कुणीही नसताना एक कोपरा थोडासा उचला, जॅकची दांडी कुठे आहे तिथे खडूने खूण करा आणि भाजी निवडायला बसा. पंधरा-वीस मिनिटांनी येऊन बघा. खूण सरकली असेल तर जॅक दुरुस्तीला टाका.

खाली जमीन कशी आहे?

लोक जॅकची चौकशी करतात, जमिनीची करत नाहीत. माझ्या मते निम्मा धोका जमिनीत असतो. गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची काळी माती ठाऊक आहे ना? उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात लोण्यासारखी होते. वरून टणक दिसली तरी जॅकचा भार एवढ्याशा जागेवर आला की आत दबते. बालाघाटच्या डोंगरावरचा मुरूम त्या मानाने बरा, पण तोही पावसात सुटतो. वाड्याच्या अंगणात शहाबादी फरशी असेल तर आणखी जपा. फरशीखाली पोकळ जागा असली की ती मधोमध तडकते, आणि फरशीसोबत जॅकही कलतो. नव्या वसाहतींतून हल्ली सिमेंटचे ठोकळे बसवतात, त्यांच्या फटी असतात. उन्हाळ्यात डांबरी रस्ताही दुपारी मऊ पडतो.

आता फटींनी काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण ही गोष्ट मिस्त्री लोकही सांगत नाहीत. ट्रॉली जॅकची दांडी सरळ वर जात नाही, ती कमानीत वर जाते. पाळणा झोका घेताना जसा थोडा पुढे-मागे सरकतो तसं जॅकचं टोक वर जाताना आडवंही सरकतं. म्हणूनच त्याला चाकं दिलेली आहेत. टोक सरकलं की जॅक खालून आपोआप सरकतो आणि टोक गाडीच्या त्याच जागेला धरून राहतं. चाकं मातीत रुतली किंवा फटीत अडकली तर जॅक जागचा हलत नाही, आणि मग वरचं टोक गाडीवरून घसरतं. गाडी पडते ती अशी. जॅकमध्ये काही खोट नसते.

यावर उपाय घरचाच. जाड प्लायवूडचा, निदान पाऊण इंची, मोठा तुकडा किंवा लोखंडाचा जाड पत्रा जॅकखाली घाला. भार पसरतो, चाकंही मोकळी फिरतात. जागा सपाट हवी. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार डोळ्यांना दिसत नाही. फरशीवर एक लिंबू ठेवून बघा, घरंगळलं तर तिथे गाडी उचलायची नाही.

चाकांना अडसर

गाडी उचलण्याआधी जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून पाचर लावायची. "हँडब्रेक ओढलाय ना, मग कशाला?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर तयार ठेवा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची दोन्ही चाकं उचलली की हँडब्रेक हवेत! गिअरमध्ये टाकलेली गाडी इंजिन धरून ठेवतं हे खरं, पण आपल्या हल्लीच्या घरगुती गाड्यांत इंजिनची ओढ बहुधा पुढच्या चाकांना असते. पुढचं एक चाक उचललं की ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही मोकळं करतं. म्हणजे पुढून एकच चाक उचलायचं झालं तरी गिअरचा भरवसा उरत नाही. पाचर मात्र कुणाच्या भरवशावर नसते. सुताराकडून बाभळीच्या चार पाचरी करून घ्या, गरज पडली तर दारालाही उपयोगी पडतील.

फळ्यांची युक्ती

आता ठेंगण्या गाडीची मुख्य अडचण. जॅक खाली जात नाही. अशा वेळी मुलं काय करतात? चौघं मिळून बंपर धरून गाडी वर ओढतात आणि पाचवा जॅक सरकवतो. किंवा आधी डिक्कीतला छोटा जॅक लावून गाडी जराशी उचलतात, मग त्या टांगत्या गाडीखाली मोठा जॅक ढकलतात. दोन्ही रीती वाईट. पहिलीत बोटं जातात, दुसरीत गाडी.

सरळ मार्ग असा, की जॅकला खाली खेचू नका, गाडीलाच वर चढवा. दीड इंच जाडीच्या, टायरपेक्षा रुंद, हात-दीड हात लांब अशा चार फळ्या घ्या. साग नको, महाग पडतो. जुन्या चौकटीचं घट्ट लाकूडही चालतं, फक्त वाळवी लागलेली आणि गाठीपाशी चिरलेली नको. दोन-दोन फळ्या एकावर एक, वरची फळी थोडी मागे सरकवून, स्क्रूने पक्क्या करा. पायरीसारखा छोटा चढ तयार होतो. पुढच्या चाकांसमोर एकेक ठेवायची आणि गाडी अगदी सावकाश वर चढवायची. एकजण बाजूला उभं राहून हात दाखवील, समोर नाही. समोर उभं राहायचं नाहीच. चाक फळीवर मधोमध आलं की थांबा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पाचरी लावा.

दोन फळ्यांनी चाक तीन इंच वर जातं. जॅक लावायची जागा चाकाच्या थोडी मागे असते, तिथे उंची तीन इंचांपेक्षा जराशी कमी वाढते, कारण गाडीचा मागचा भाग खालीच असतो. तरी जॅक जायला तेवढं पुरतं. साधी गोष्ट आहे, पण किती हात-बोटं वाचतात!

आणि हो, विटा वापरू नका. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर मुळीच नकोत. विटेला सगळीकडून सारखा भार आला तर ती भिंत पेलते, पण टायरखाली किंवा गाडीच्या लोखंडी कडेखाली भार एका ठिकाणी येतो. लाकूड तुटण्याआधी करकरतं, दबतं, सूचना देतं. वीट सूचना देत नाही, एकदम फुटून भुगा होते. दारात बांधकामाच्या विटा पडलेल्या असतात म्हणून हात तिकडेच जातो. तो आवरायचा.

जॅक लावायचा कुठे?

प्रत्येक गाडीला जॅकच्या जागा नेमून दिलेल्या असतात. पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या कडेला. तिथे पत्र्याची दुमड असते आणि बहुतेक ठिकाणी खाचेची खूण केलेली असते. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात चित्र असतं. ते पुस्तक बहुधा विम्याच्या कागदांबरोबर कपाटात पडलेलं सापडेल, काढून एकदा बघा. ट्रॉली जॅकचं टोक वाटीसारखं असतं. ते दुमडीवर टेकवलं की दुमड वाकते आणि तिथून गंज सुरू होतो. मधे खाच पाडलेला रबराचा तुकडा ठेवायचा. तो विकतही मिळतो, टायरच्या दुकानातला जाड तुकडा कापूनही करता येतो. इंजिनच्या ऑइलच्या चेंबरखाली, सायलेन्सरखाली, नुसत्या तळाच्या पत्र्याखाली जॅक कधीच लावायचा नाही. सीएनजीच्या आणि पेट्रोलच्या नळ्या तळाखालून जातात, तेही लक्षात असू द्या.

घोड्या

सुतार जशी लाकूड कापताना घोडी वापरतो, तशा गाडीसाठी लोखंडी घोड्या मिळतात. दुकानात 'जॅक स्टँड' मागा. रुंद चार पाय, वर खाचेचं टोक, दात किंवा आरपार खिळा असलेली दांडी. जॅकने गाडी उचलायची, घोडी खाली सरकवायची, आणि जॅक सावकाश सोडून गाडीचा भार घोडीवर आणायचा. जॅक काढून टाकू नका, अगदी हलका टेकून तिथेच राहू द्या. एका ठिकाणी चूक झाली तर दुसरं धरतं.

इथे ठेंगण्या गाडीची आणखी एक अडचण येते. जिथे जॅक लावला तिथेच घोडीही लावायची असते, आणि एका जागेत दोघं कशी मावणार? म्हणून दोन जागा हव्यात. पुस्तकात पुढच्या आडव्या लोखंडी तुळईची जागा जॅकसाठी दाखवली असेल तर मधून तिथे उचला आणि दोन्ही कडांना दोन घोड्या लावा. अशी दुसरी पक्की जागा पुस्तकात नसेल किंवा मिस्त्रीलाही खात्रीने सांगता येत नसेल, तर त्या गाडीखाली घरी कुणी शिरायचं नाही. ऑइल बदलायला गॅरेज आहे. चारशे-पाचशे रुपये वाचवायला घरातलं माणूस पणाला लावायचं नसतं.

घोड्याही चांगल्या बघून घ्या. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट नावाच्या मोठ्या दुकानसाखळीला आपल्या लाखो घोड्या ग्राहकांकडून परत घ्याव्या लागल्या. त्यांचे दात नीट अडकत नव्हते आणि भार हलला की दांडी सटकन खाली यायची. गंमत म्हणजे, गंमत कसली, त्या बदली दिलेल्यांपैकीही काहींचं वेल्डिंग कच्चं निघालं! म्हणजे कंपनीची वस्तूसुद्धा डोळे मिटून वापरायची नाही. आपल्याकडे तर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या घोड्या सर्रास दिसतात. जोड तडकलेला, पाय वाकडा, दात झिजलेले दिसले तर ती घोडी भंगारात. आरपार खिळ्याची घोडी मला जास्त पसंत आहे, खिळा बसला की नाही ते लांबूनही दिसतं.

भार घोड्यांवर आला की गाडीला कडेने हाताने दोन-तीनदा चांगलं हलवून बघायचं, खाली कुणी नसताना. पडायची असेल तर तेव्हा पडू दे! आणि काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा गाडीच्या कडेखाली आडवं सरकवा. सगळं फसलं तरी गाडी चाकावर पडेल, माणसापुरती जागा उरेल. पैसा लागत नाही, वेळ लागत नाही, तरी किती कमी लोक हे करतात.

काम चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही. आजोबा रेडिओ ऐकत बसलेत, धाकटीने दार धाडकन लावलं, असं नको. मुलांना त्या वेळी शेजारी पाठवा.

गाडी खाली घेताना

स्प्रिंगा कापलेल्या गाडीची एक खोड सांगून ठेवते. चाक हवेत लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते, क्वचित निसटतेही. गाडी तशीच खाली घेतली तर ती वाकडी बसते आणि पुढच्या खड्ड्यात गाडी भलतीकडेच ओढते. म्हणून खाली घेण्यापूर्वी बॅटरी लावून चाकाच्या आतली स्प्रिंग वर-खाली नीट बसलेली आहे का ते बघायचं. निसटलेली दिसली तर हात घालायचा नाही, मिस्त्रीला बोलवायचं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

दुसरं, फळ्या पुन्हा चाकांखाली ठेवा आणि मगच जॅक सोडा. नाहीतर गाडी जमिनीवर येते, ठेंगणी होते, आणि जॅक तिच्या पोटाखाली अडकून बसतो. मग अख्खी गल्ली गोळा होते.

रस्त्यावर टायर बसला तर

समजा तुम्ही धुळे-सोलापूर महामार्गावर आहात, मांजरसुंब्याचा घाट चढताय, किंवा धारूरचा अरुंद घाट उतरताय, आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. घाटात, वळणावर, उतारावर जॅक लावायचा नाही. टायर खराब झाला तर झाला, सावकाश रुंद सपाट जागेपर्यंत न्या. टायर गाडीपेक्षा स्वस्त, अन् गाडी आपल्यापेक्षा. टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा एवढंच कारण असेल तर सिगारेटच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप डिक्कीत ठेवलेला फार कामाला येतो. हवा भरायची आणि पंक्चरवाला गाठायचा, गाडी उचलावीच लागत नाही. घरच्या यादीत हा पंप अवश्य लिहा.

चाक बदलायचंच झालं तर सगळ्यांना उतरवा आणि रस्त्यापासून लांब उभं करा. मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवा. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, मंगळसूत्र आत, हातात जाड फडका. चाकाच्या नटा गाडी उचलण्याआधीच अर्धा-अर्धा आटा सैल करायच्या. हल्ली हवेच्या मशीनने इतक्या घट्ट आवळतात की हाताने सुटत नाहीत. पाना नटावर आडवा, दांडी डावीकडे येईल असा बसवा, गाडीला धरून उभ्या राहा आणि दांडीवर पायाने दाबा. ताकद नको, आपलं वजन पुरतं. मग जॅक. पंक्चर झालेल्या कोपऱ्यात जॅक जात नसेल तर तीच फळीची युक्ती, एक फळी डिक्कीत असू द्या. नवं चाक बसलं की नटा एकामागून एक नव्हे, समोरासमोरच्या आवळायच्या, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

सीएनजीच्या गाड्यांत स्टेपनी सिलिंडरखाली दडपलेली असते, कधी घरीच काढून ठेवलेली असते. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट मिळतं. आपल्या गाडीत काय आहे ते आजच डिक्की उघडून बघा, रात्री वडवणीच्या पुढे कळण्यापेक्षा बरं.

देव न करो, पण गाडी अंगावर आली तर

ओढून काढायचा प्रयत्न करू नका. गाडी सुरू करून हलवू तर मुळीच नका. मोठ्याने हाक मारून शेजारपाजारची माणसं बोलवा. दुसरा जॅक असेल तर तो लावा, नसेल तर चार-सहा जणांनी मिळून एक बाजू उचलायची, आणि उचलल्याबरोबर कुणीतरी चाक किंवा फळ्या कडेखाली सरकवायच्या. माणूस मोकळा झाल्यावरही त्याला उठवून बसवू नका, मान-पाठ हलवू नका. १०८ वर रुग्णवाहिका मागवा किंवा ११२ लावा, आणि माणूस किती वेळ दबलेला होता ते आवर्जून सांगा, डॉक्टरांना त्याची फार गरज असते. 'बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. पोटातली इजा बाहेरून दिसत नाही.

आता फळ्यांचं. काम झालं की त्या जिन्याखाली किंवा माळ्यावर, जमिनीपासून वर ठेवा, आणि वरून 'गाडीच्या फळ्या, जाळू नयेत' असं खडूने लिहून ठेवा. पावसाळ्यात बंबाला लाकडं कमी पडली की पहिला हात यांच्यावरच पडतो. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा तुळशीमागच्या मातीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. आणि रस्त्यावर चाकामागे दगड लावला असेल तर निघताना तो आठवणीने उचलून कडेला टाका. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर रात्रीचे याच रस्त्यांनी जातात, ट्रॉलीत बायका-पोरं बसलेली असतात.